तिन्ही नावं सारखी, गावही तेच

"सर, याला मी हिरवं देणार नाही," मंदा म्हणाली.

शुक्रवार होता, दुपारचे साडेचार. साडेसहाला आठवड्याची फाइल अमेरिकेला रवाना व्हायची होती. चाळीसपैकी एकोणचाळीस ऑपरेटरांचं काम आवरत आलं होतं आणि मंदाच्या स्क्रीनवर मात्र पिवळ्या ओळींची रांग लागली होती.

"का नाही?"

"ही दोन माणसं असतील."

"अगं, तिन्ही नावं सारखी आहेत. गावही तेच आहे."

"गाव तेच आहे म्हणूनच म्हणते, सर."

मला हे उत्तर उर्मटपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर त्या काळात मला बहुतेक उत्तरं उर्मटपणाचीच वाटत.

आधी मी कोण ते सांगतो. मी आहेर, मूळचा नामपूरचा. नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून आलेला पार्ट मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर रिजेक्ट करायचा, हे माझं काम. पुढे कारखान्याने व्हीआरएस आणली आणि पन्नाशीच्या आत मी घरी बसलो. तेव्हा आमच्याच भागातले खैरनार साहेब भेटले. त्यांनी अंबडमध्येच एक बंद पडलेली शेड घेऊन, खाली फरशी आणि वर फॉल्स सीलिंग घालून डेटाची कंपनी काढली होती. म्हणाले, "माणसं मिळतात हो, चुका पकडणारा माणूस मिळत नाही." मी क्यू.सी. हेड, म्हणजे तपासणीचा प्रमुख, झालो. पार्टच्या जागी ओळी आल्या, एवढाच फरक.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची ही गोष्ट आहे. आपल्याकडची पोरं सायबर कॅफेत तासावर बसून एकमेकांना 'स्क्रॅप', म्हणजे निरोप, टाकायला नुकती शिकली होती. अमेरिकेत हे सगळं चार पावलं पुढे होतं आणि त्यातून होणारे घोटाळेही पुढे होते. तिकडे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचं नाव, तो तुरुंगातून सुटला तरी, एका सरकारी यादीत राहतं. नाव, जन्मतारीख, गाव, फोटो सगळं त्यात असतं आणि ती यादी कुणालाही पाहता येते. त्या सुमारास तिकडच्या काही राज्यांनी आणखी एक कायदा केला. ज्या सोशल साइटवर लहान मुलं असतात, तिथे यादीतल्या माणसाने अकाउंट ठेवायचं नाही. नुसतं ठेवलं तरी तो नवा गुन्हा, त्यासाठी पुन्हा तुरुंग.

कायदा करणं सोपं. पण साइटवर लाखो माणसं, त्यांतून यादीतली शोधायची कशी? ते काम एका साइटने तिकडच्या एका कंपनीला दिलं. त्या कंपनीला ते महाग पडत होतं, म्हणून ते फिरत फिरत अंबडला येऊन पोहोचलं.

आमची पद्धत अशी होती. कॉम्प्युटर दोन नावांची जोडी समोर टाकायचा. डावीकडे यादीतला माणूस, उजवीकडे साइटवरचा मेंबर. ऑपरेटरने ठरवायचं की हे दोघे एकच आहेत का. एकच असले तर हिरवं, वेगळे असले तर लाल, सांगता येत नसेल तर पिवळं. हिरव्या ओळी दर शुक्रवारी जायच्या. सोमवारी सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, तिकडे ती अकाउंट बंद व्हायची आणि यादीची एक प्रत पोलिसांकडे जायची.

हे काम मला मनापासून आवडलं होतं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती आणि क्लासहून येताना कॅफेत बसते हे मला ठाऊक होतं. तिच्याशी पलीकडून कोण बोलतंय हे मला कधीच कळणार नव्हतं. त्यामुळे स्क्रीनवर एखादी ओळ हिरवी झाली की मला कारखान्यात कधी मिळालं नव्हतं असं समाधान मिळायचं. एक नालायक कमी झाला, असं मी मोठ्यांदा म्हणायचो. पोरं हसायची.

अडचण पिवळ्याची होती. मूळ सूचना अशी होती की पूर्ण नाव जुळलं पाहिजे आणि त्याबरोबर जन्मतारीख किंवा फोटो जुळला पाहिजे. पण साइटवर माणसं खऱ्या जन्मतारखा कुठे देतात? फोटोच्या जागी कुत्रा, मोटरसायकल नाहीतर सूर्यास्त. त्यामुळे पिवळ्याचा ढीग वाढत चालला. तिकडच्या कंपनीचा मॅनेजर डेव्ह दर फोनला तेच रडगाणं गायचा, "टू मच यलो, मिस्टर आहेर."

तेव्हा मी माझं डोकं चालवलं. आपल्याकडे माणसाची ओळख कशाने पटते? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सातबाऱ्यापासून दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत सगळा कारभार याच तीन नावांवर चालतो. तिन्ही जुळली आणि वर गावही जुळलं, तर दुसरा माणूस असणार कसा? जन्मतारीख जुळत नसेल तर तो खोटं बोलतोय. पोरांमध्ये मिसळायला वय कमी करून सांगणारच की असला माणूस! मी नियम लिहिला: तिन्ही नावं आणि गाव सारखं असेल तर हिरवं द्या, जन्मतारीख बघू नका; तिन्ही नावं जुळत नसतील तर सरळ लाल. पोरांनी त्याचं 'त्रिनाम नियम' असं बारसंही करून टाकलं. मी तो डेव्हला मेल केला. त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं, "साउंड्स गुड." पिवळं झपाट्याने उतरलं आणि खैरनार साहेबांनी सगळ्यांना भेळभत्ता मागवला.

तीन शुक्रवार असे छान गेले. चौथ्या शुक्रवारी मंदा अडून बसली.

मंदा गावित सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, नाशकात येऊन बी.ए. झाली, तिथल्याच द्वारका चौकाजवळ तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. बोलायची कमी. तिचा स्पीड मधल्या फळीतला, पण तिची चूक काढायला मला महिनोन्‌महिने जमलं नव्हतं. इन्स्पेक्शनच्या माणसाला असा माणूस आवडतो आणि थोडा खुपतोही.

तिच्या स्क्रीनवरच्या माणसाला मी वॉल्टर रे पिकेट म्हणतो. खरं नाव सांगणं बरोबर नाही. यादीतला वॉल्टर रे पिकेट सत्तेचाळीस वर्षांचा. साइटवरचा वॉल्टर रे पिकेट बावीसचा, फोटोत मोटरसायकल. गाव एकच, आमच्याकडच्या देवळा गावाएवढंसुद्धा नसेल.

"बावीस वर्षांचा म्हणवतोय, यातच काय ते समज," मी म्हणालो. "हा पोरी गटवायला बसलाय."

"असेलही, सर. नसेलही. म्हणून पिवळं."

"तीन नावं, मंदा! बापाचं नावसुद्धा तेच!"

तिने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "सर, आमच्या पाड्यावर सोमा बुधा गावित तीन होते. त्यातले एक माझे वडील. आमच्याकडे नावं कमी, माणसं जास्त. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुधा. फॉरेस्टची केस झाली होती सागाच्या लाकडाची. पोलीस वॉरंट घेऊन आले आणि माझ्या वडलांना घेऊन गेले. सहा दिवस आत होते. आई रोज सांगायची, तो दुसरा सोमा. तर ते म्हणायचे, कागदावर बघ बाई. कागदावर तिन्ही नावं बरोबर होती, सर. गावही बरोबर होतं."

यावर मी काय बोललो ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "वाईट झालं. पण ते सुरगाणा होतं, हे अमेरिका आहे. तिथे असा सावळागोंधळ नसतो."

"माझ्या लॉगिनवरून हिरवं जाणार नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"मग माझ्या लॉगिनवरून जाईल."

मी माझ्या टेबलावर जाऊन तिच्या सगळ्या पिवळ्या ओळी उघडल्या आणि नियमात बसतील तेवढ्या हिरव्या केल्या. प्रत्येक ओळीपुढे शेऱ्याचा एक रकाना असतो. वॉल्टर पिकेटच्या ओळीपुढे मंदाने आधीच लिहून ठेवलं होतं, "दोन माणसं असण्याची शक्यता. तपासावं. मं. सो. गा." ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडेसहाला फाइल गेली.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. सकाळी मी चहा पीत असताना मंदा एक कागद घेऊन आली. तिने हाताने, रेघा आखून, वीस-पंचवीस नावं लिहिली होती. सगळी साइटवरच्या मेंबरांची, त्याच राज्यातली आणि सगळी बायकांची.

"हे काय?"

"सर, मधलं नाव बापाचं, असं आपण धरलंय ना? मग ह्या बायकांच्या बापांची नावं वाचा."

मी वाचू लागलो. मेरी. अ‍ॅन. लिन. रोझ. पुन्हा मेरी. ग्रेस. अ‍ॅन.

"एवढ्या सगळ्या बापांची नावं मेरी आणि रोझ कशी, सर?"

शेजारच्या टेबलावरचा एक जण फस्सकन हसला. मला हसू आलं नाही. यादीत जवळपास सगळे पुरुषच, त्यामुळे तीन आठवडे आमच्या चाळीस जणांच्या डोळ्यांपुढून 'वॉल्टर रे' आणि 'जॉन ली' जात होते आणि आम्ही प्रत्येक वेळी बापाचं नाव म्हणून ते मनात वाचत होतो. तिकडे मधलं नाव म्हणजे नुसतं दुसरं नाव असतं, आईबापांना आवडलं म्हणून ठेवलेलं. बापाचा त्यात संबंध असेलच असं नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. आपल्या घरातली पद्धत ही जगाची पद्धत, असं धरून मी नियम लिहून मोकळा झालो होतो.

"बरं," मी म्हणालो. "पण तरी एकाच गावात तिन्ही नावं सारखी असलेली दोन माणसं..."

"सर, सरकारची मूळ फाइल बघायला मिळेल? आपल्या स्क्रीनवर येते ती नको. मूळ."

मूळ फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर होती. त्यात रकाने पुष्कळ. ऑपरेटरांचे डोळे शिणू नयेत म्हणून त्यातले बिनकामाचे मी लपवून ठेवले होते. आडनावानंतरचा एक रकाना तर बहुतेक सगळा रिकामाच असायचा, उगाच जागा अडवायचा, म्हणून तोही लपवला होता. मंदाच्या सांगण्यावरून तो उघडला आणि वॉल्टर रे पिकेटपर्यंत खाली गेलो. रकान्यात दोन अक्षरं होती. एस आणि आर. सिनियर.

कुणी सिनियर आहे म्हणजे त्याच नावाचा ज्युनियर असणार. बापाने स्वतःचं अख्खं नाव, मधल्यासकट, मुलाला दिलं होतं. म्हणजे साइटवरचा बावीस वर्षांचा पोरगा खरोखर बावीस वर्षांचा होता. त्याचा गुन्हा इतकाच की तो त्या बापाच्या पोटी जन्मला. त्याला मी आदल्या संध्याकाळी माझ्या लॉगिनवरून हिरवं केलं होतं. सोमवारी त्याचं अकाउंट बंद होणार होतं आणि त्याचं नाव, यादीतला गुन्हेगार नियम मोडताना सापडला म्हणून, पोलिसांच्या हातात जाणार होतं.

"बघा, मी सांगत होते" असं म्हणायचा मंदाला पूर्ण हक्क होता. तिने तो वापरला नाही. एवढंच म्हणाली, "आधीचे तीन शुक्रवारही बघावे लागतील."

मी खैरनार साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "डेव्हला आजच फोन करून फाइल थांबवायला सांगतो."

साहेब रागावले की घरच्या अहिराणीवर यायचे. "आहेर, तुनं डोकं फिरी गयं का? आठे धंदा शे, धरमशाळा नही!" मग पुन्हा साध्या मराठीत, "पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आपण होऊन सांगायचं की तीन आठवडे आम्ही गाढवपणा केला? सोमवारपासून नियम बदला. गेलं ते गेलं. कुणाची तक्रार आली तर बघू."

"तक्रार येईपर्यंत पोरगा आत असेल."

"तो अमेरिकेत आहे. तिथे कोर्टबिर्ट आहेत. सुटेल."

मला माझंच कालचं वाक्य ऐकू आल्यासारखं झालं. मी म्हणालो, "साहेब, सहा दिवसांनी सुटला तरी ते सहा दिवस आपल्या खात्यावर." आणि मग त्यांना मंदाच्या वडिलांची गोष्ट सांगितली. माणूस तापट, पण दगड नव्हता. साहेब म्हणाले, "फोन तूच कर. आणि चूक कुणाची ते विचारलं तर कंपनीची म्हणून सांग."

"माझी आहे."

"ते मला माहीत आहे. तू कंपनीची म्हणून सांग."

संध्याकाळी सातला, तिकडची सकाळ झाल्यावर, मी डेव्हच्या घरी फोन लावला. शनिवारी घरी फोन म्हटल्यावर तो जरा नाखूशच होता. मी पाठ करून ठेवलेलं इंग्रजी धडाधड बोलत सुटलो. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, म्हणून आम्ही असा नियम केला, तो चुकीचा आहे, पूर्ण फाइल थांबवा, मागच्या तीनही परत तपासू द्या.

मग डेव्ह म्हणाला, "मिस्टर आहेर, माझं पूर्ण नाव डेव्हिड आणि पुढे दोन शब्द. माझ्या वडिलांचं पूर्ण नाव तेच. मी ज्युनियर आहे. आणि तुमच्या त्या मेलला मीच 'साउंड्स गुड' लिहिलं. मी तो वाचलाच नव्हता."

त्याने सोमवार सकाळपर्यंत फाइल अडवून धरायचं कबूल केलं. तोपर्यंत तपासलेली यादी त्याच्या हातात हवी होती.

रविवारी आम्ही अकरा जण आलो. सक्ती कुणालाच केली नव्हती. मी सवयीने सूचना द्यायला उभा राहिलो आणि तेवढ्यात लक्षात आलं की काय सूचना द्यायच्या ते मला माहीत नाही. मी मंदाला म्हणालो, "तू सांग." ती कानापर्यंत लाल झाली. पण बोलायला लागली ती एखाद्या मुरलेल्या मास्तरणीसारखी.

"वय बघा. सत्तेचाळीसचा यादीत आणि बावीसचा साइटवर, तर आधी बापलेक धरा, मग बाकीचं. तो लपवलेला रकाना उघडा ठेवा. फोटो मोटरसायकलचा असेल तर फोटो नाही असंच समजा. आणि लाल केलेलेही बघायचे आहेत."

"लाल कशाला?" एकाने विचारलं. "ते तर सुटलेले."

"तिन्ही नावं नव्हती म्हणून सोडले ना? मग तेही आपल्याच नियमाने सोडलेत."

मला हे सुचलं नव्हतं. नियम खोटा असेल तर तो दोन्ही बाजूंनी खोटा. बावीस वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. चांगला माल रिजेक्ट झाला म्हणून सगळे ओरडतात, पण वाईट माल पास झाल्याची ओरड फार उशिरा येते.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे उघडून बसले, मंदा आली नाही. मी बघायला गेलो तर ती स्क्रीनजवळ नाक नेऊन बसली होती. डावीकडे यादीतल्या वॉल्टर सिनियरचा फोटो. उजवीकडे त्याच गावचा एक मेंबर, नाव नुसतं 'रे पिकेट'. पहिलं नाव नाही, मधल्या नावाचंच पहिलं केलेलं. तीनपैकी दोनच नावं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी आमच्यातल्याच कुणीतरी त्याला लाल करून सोडून दिलं होतं. वय एकोणतीस लावलेलं. फोटोत टोपी आणि गॉगल.

"कानाची पाळी बघा, सर. डावी."

डावीकडच्या फोटोत त्या माणसाच्या डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती. उजवीकडच्या फोटोत टोपीखालून तोच कान दिसत होता, तशीच फाटलेली पाळी. सरकारी यादीत 'ओळखीच्या खुणा' नावाचा रकाना असतो. त्यातही ती नोंद होती. तो रकानाही मीच लपवला होता.

त्या अकाउंटची जेवढी माहिती आम्हाला दिसत होती, त्यात त्याच्या मित्रमंडळींची वयं होती. तेरा. बारा. चौदा. तेरा. मी पुढे वाचू शकलो नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी तीन नावांचा दोर वळून तयार ठेवली होती. पोरगा अडकत होता आणि ज्याच्यासाठी हा सगळा कायदा, सगळा खटाटोप, तो बाप टोपी घालून शाळकरी पोरांत बसला होता.

मी मंदाला म्हणालो, "मला माफ कर." असं मी कारखान्यात कुणालाही, कधीही म्हटलं नव्हतं. हाताखालच्या माणसाला तर नाहीच.

"जेवायला चला, सर," ती म्हणाली. "यादी संपवायची आहे अजून."

सोमवारी दुपारीच फाइल पुन्हा गेली. वॉल्टर ज्युनियरची ओळ लाल होऊन गेली, रे पिकेटची हिरवी. त्याच संध्याकाळी डेव्हचा मेल आला. ते अकाउंट बंद झालं होतं आणि पोलिसांना कळवलं होतं. पुढे कळलं की त्या माणसाला पकडलं. पोराला या सगळ्यातलं काही कधी समजलंही नसेल आणि तेच बरं.

आधीच्या तीन फायलींचं मात्र इतकं सरळ झालं नाही. त्यात माझ्या नियमाने चुकीचे हिरवे झालेले काही निघाले. त्यांची अकाउंट परत सुरू झाली, माफीची पत्रं गेली. त्यातल्या एकाच्या कामाच्या ठिकाणी पोलीस चौकशीला जाऊन आले होते. त्याची नोकरी राहिली की गेली, हे डेव्हलाही ठाऊक नव्हतं. पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही. हा एक हिशेब माझ्याकडून मिटलेला नाही.

कॉन्ट्रॅक्ट गेलं नाही. उलट डेव्हने त्याच्या वरिष्ठांना लिहिलं की चूक स्वतःहून सांगणारा व्हेंडर त्याने पहिल्यांदाच पाहिला. खैरनार साहेबांनी ते पत्र फ्रेम करून रिसेप्शनला लावलं आणि पाहुण्यांना असं दाखवायचे, जणू कबुली द्यायची कल्पना त्यांचीच होती. शेवटी हो म्हणाले होते, एवढं पुरे.

मंदाला क्यू.सी.मध्ये घेतलं. माझ्या शेजारचंच टेबल दिलं. नवा नियम लिहायला मी तिला बसवलं तेव्हा मला वाटलं, पानभर लिहील. तिने अर्धा दिवस विचार करून वरती एकच ओळ लिहिली: "दोघं एकच आहेत असं वाटलं, तर आधी ते दोघं आहेत असं धरून तपासा." बाकीचं पान नेहमीचंच, रकाने आणि रंग.

पिवळं पुन्हा वाढलं. डेव्हने पुन्हा कधी तक्रार केली नाही.

मी निवृत्त होईपर्यंत आणखी दोन कंपन्यांत काम केलं. एकीकडे बँकेचे फॉर्म होते, दुसरीकडे दवाखान्याचे रेकॉर्ड. दोन्हीकडे पहिल्या दिवशी मी तीच ओळ भिंतीवर लावली. ही कुणी लिहिली, असं पोरं विचारायची. मी सांगायचो, मंदा सोमा गावित. आणि मग तिचा पाडा, तालुका, आश्रमशाळा, आईचं नाव सगळं सांगायचो. नुसत्या तीन नावांवर सोडलं तर श्रेय भलतीच मंदा घेऊन जायची.